मिलिंदने घातलेली शेवटची घडी

फोन आला तेव्हा मी घाऊक बाजारात कोबीच्या भावावरून भांडत होते. मी जहाजांना भाजीपाला पुरवते. भांडणं हाच धंदा. "आई, घरी ये. मामा..." मुलीला पुढे बोलवेना. हातातला कोबी तसाच घेऊन मी टॅक्सीत बसले.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. बुओना व्हिस्टाच्या एका लॅबमध्ये संशोधक, राहायला आमच्याकडेच, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये. रविवारी बुद्धवंदना झाली की धुतलेले शर्ट पुढ्यात घेऊन बसायचा आणि घड्या घालता घालता मला पेशी शिकवायचा. प्रथिनाची घडी नीट बसली तरच ते कामाचं. बिघडली, तर पेशी ती पुन्हा घालून पाहते. नाहीच जमलं तर तोडून फेकते. वय झालं की दोन्ही कामं मंदावतात.

"म्हणजे आपल्या ब्लॉकची कचरा खाली टाकायची शूट तुंबते, तसं?"

"ताई, तू माझ्या बॉसपेक्षा बरं समजावतेस!"

मग त्याच्याच बोटांना शर्टाची बटणं लागेनात. मोटर न्यूरॉनचा आजार... ज्या कचऱ्यामागे त्याने उमेदीची वर्षं घालवली, तोच त्याचे हातपाय चालवणाऱ्या पेशींत साचला होता. लॅबमध्ये एक औषध होतं; ते दिलं की आजारी अळ्या जास्त दिवस वळवळायच्या. मी हट्टाला पेटले.

"एक बाटली आण."

"ती अळ्यांसाठी आहे, ताई."

"मग अळीची बहीण म्हणून मागते!"

तो हसला. बोलणं तेव्हाच जड झालं होतं. "न तपासलेला माल तू जहाजावर चढवशील?"

"मरणाऱ्याला कसली तपासणी?"

"मरणाऱ्याच्याच गळ्यात सगळे काहीही मारतात."

मी ताट आपटून उठले. कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. सौदा असा कधी हरले नव्हते, आणि तो राग त्याच्या अंत्यविधीलाही सोबत घेऊन गेले.

परवा त्याचा सहकारी येऊन गेला. ते औषध पुढे उंदरांवर चाललंच नाही, म्हणाला. ऐकून मला हायसं वाटेल, असं त्याला वाटलं असावं. मी चहा दिला, दार लावलं... आता मिलिंदशी भांडायलाही काही उरलं नाही.

त्याच्या कपाटात एक निळा शर्ट आहे. अगदी शेवटी, कुणाला हात लावू न देता त्याने स्वतः घडी घातलेला. कॉलर आत दुमडलेली, एक बाही बाहेर लोंबणारी. काल मुलीने तो काढला.

"सो मेसी लाह, आई. मी नीट करते."

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की ती रडायला लागली. शर्ट मी परत कपाटात ठेवला. बाही होती तशीच लोंबती ठेवून.