तोंड दाखवायचा दिवस

मास्तरकीतून निवृत्त झालो, तसं मुलानं कायमचं इंग्लंडला बोलावलं. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. पेन्शनवर कर तिकडं भरायचा की इकडं, हे विचारायला सिहोऱ्याहून पेन्शनच्या कचेरीत गेलो. नोव्हेंबर होता, आम्ही म्हातारे तेव्हा जिवंत असल्याचं तोंड दाखवायला तिथं जमत असू.

व्हरांड्यात सगळे टोप्या काढून मौन पाळत उभे. का, तर करडी गावचे हेडमास्तर यंदा आले नाहीत!

"अरे बापहो, ते जित्ते आहेत! लंडनले पोराजवळ राहून राहिले," मी ओरडलो.

"मंग दिसत काहून नाही?" कचेरीतला बाबू म्हणाला आणि त्यानं त्यांचं पेन्शन थांबवलं.

कराचं न विचारताच मी मागं फिरलो. माझं इंग्लंडचं तिकीट खिशातच होतं.