सूर्यास्तानंतरची गोळी

समस्त जनतेस कळविण्यात येते की, सत्तरच्या दशकात मंगरूळपीर येथे एका नव्या डॉक्टरचा एका एवढ्याशा गोळीने साफ पराभव केला. तो डॉक्टर मीच.

रोगी होत्या किराणा दुकानदाराच्या आई, घरच्या जैन रीतीत वाढलेल्या. रक्तदाब काही उतरेना. मी रात्रीची गोळी एकाची दोन केली, तरी तो जागचा हलेना. तिसऱ्या खेपेला मी गंभीर चेहरा करून जाहीर केलं, "आता अकोल्याला न्यावं लागेल."

आजींनी स्टुलाची कड घट्ट धरली. "अकोल्याले नका नेऊ, डॉक्टर. आमच्या मालकायले जीपमधी घालून नेलं, थे आलेच नाही वापस."

दवाखान्यातल्या, माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "सायेब, आजीचा दिवस कसा जाते, थे तं इचारा."

विचारलं. मोठ्या उपकाराने.

आजी सांगू लागल्या. पंखा कुरकुरत होता, खिडकीतली लिंबाची सावली जमिनीवर हलत होती, आणि बघता बघता मी त्यांच्या घरात शिरलो. पहाटेचं देवदर्शन. उकळून गाळलेलं पाणी मडक्यात निवताना येणारा ओलसर वास. दुपारी मूग निवडता निवडता लागणारी डुलकी, त्या डुलकीत अंगणात येऊन बसणारे आजोबा. मग ऊन भिंतीवरून वर वर चढतं, सून हाक मारते, आणि दिवस मावळायच्या आत ताट पुढे येतं. घोटभर पाणी. सूर्य बुडाला की तोंड बंद, थेट सकाळपर्यंत.

मी खुर्चीत ताठ झालो. "मग रात्री जेवल्यावरची गोळी?"

"रात्री जेवतच नाही, तं जेवल्यावरची गोळी कधी घेऊ?" आजी निरागसपणे म्हणाल्या. "पुड्या ठेवल्या हायेत देवघरात. तुमी नाराज व्हान म्हनून बोलली नाही."

दोन महिने मी जेवणाची वेळ न विचारता औषध वाढवत होतो! चिठ्ठी फाडली. नवी लिहिली: एकच गोळी, दिवस मावळायच्या आत, जेवणाबरोबर.

पंधरा दिवसांनी रक्तदाबाच्या पट्टीतली हवा सोडत मी नाटकी आवाजात घोषणा केली, "आजी, अकोला रद्द!" त्यांनी पदराने डोळे टिपले. आता मी प्रत्येक रोग्याला त्याचा दिवस विचारत असे, त्यामुळे रांग लांबे. तेवढ्यात मघापासून त्या उशिराबद्दल कुरकुरणारे इंझोरी गावचे एक शेतकरी बाकावरून उठले आणि सरळ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "डॉक्टर, माह्याबी दिवस इचारा नं, मले काही घाई नाही!"