ऑपरेशनच्या आधीचा खून

रहस्यकादंबरीत सगळ्यात अवघड काय, तर खुनी शोधणं, असं मला वाटायचं. साफ खोटं. आमच्या गावात खरा घाम फुटतो तो मरायला आलेल्या माणसांना परत पाठवताना.

मी उरवड्याच्या एका कारखान्यात, ऑफिसात काम करते. घर रिहे गावात. थोडी भातशेती, थोडी शेरडं-मेंढरं, नवरा, सासू आणि सासरे. सासूला मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. कादंबरीचं खूळ डोक्यात शिरलं ते कंपनीच्या बसमध्ये. मोबाइलवर नवशिक्यांना कादंबरी लिहायला शिकवणारा एक वर्ग सापडला आणि जाता-येता मी तो कानात घालून ऐकायला लागले. शिकवणाऱ्या बाई निक्षून सांगायच्या, पहिल्या पानावर प्रेत पाहिजे. मी मन लावून लिहायला बसले. तीन प्रकरणं झाली तरी माझ्याकडे भाताची लावणीच चालली होती. ती तशीच पुण्याच्या एका लहानशा प्रकाशन संस्थेला धाडून दिली. तिथल्या संपादकबाईंचा फोन आला.

"लावणी फार छान झालीय," त्या म्हणाल्या. "पण मरतंय कोण?"

तेच तर ठरत नव्हतं. म्हणून एकदा जेवताना घरात विचारलं, कुणाला मारू? तिथं माझी घोडचूक झाली. जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तोंडी बातमीनं वाढत असेल, तर छापील मरणानं किती वाढेल! कसं कुणास ठाऊक, पण बातमी घराबाहेर गेली आणि आमच्या ओट्यावर रीघ लागली. डेअरीवाले काका म्हणाले, "मला मार, मी काय बी म्हननार न्हाई." शेजारच्या काकू स्वतःसाठी आल्या आणि जाताना माहेरच्या बहिणीचंही नाव सांगून गेल्या. माजी सरपंचांनी अट घातली, "मराया मी एका पायावर तयार हाय, पर कव्हरवर फोटू माझाच पायजे." खुनी व्हायला मात्र कुणी राजी होईना. एकाला नुसतं विचारलं, तर "पोरीचं लगीन व्हायचंय माझ्या" म्हणत तो चहा अर्धा टाकून उठला.

मला मोठी मौज वाटत होती. मग एका संध्याकाळी शेरडांना पाला टाकता टाकता आत्या म्हणाल्या, "ह्या लोकांच्या नादी लागू नगंस. तुझ्या मामास्नी मार."

या वेळी मला हसू आलं नाही. मामांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. छाती उघडणार होते. मामा मूळचे भारी बोलघेवडे, एकदा सुरू झाले की समोरच्याला पाणी प्यायला सवड द्यायचे नाहीत. पण हल्ली गोठ्यापासून ओट्यापर्यंत येतानासुद्धा त्यांना वाक्याच्या मधेच थांबून श्वास घ्यावा लागे, आणि बरेचदा ते वाक्य तसंच सोडून देत. डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला, तेव्हापासून आत्या कुणाशी धड बोलत नव्हत्या.

"आपरेशनच्या आधी मारायला पायजे बघ," त्या म्हणाल्या. "मागनं काय उपेग न्हाई."

"आणि खुनी कोण?"

"मी हाय की."

"तुम्ही? मामांना?"

"मग काय दुसऱ्या कुनाच्या हातात देऊ व्हय त्यास्नी?" आत्या म्हणाल्या. "एवढी वर्सं माझ्या हातचं खाऊन मेलं न्हाईत, आता काय मरत्यात!"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या मी सगळी लावणी उडवून टाकली आणि पहिल्या पानावर मामांना आडवं केलं.

मामांना कळलं तेव्हा त्यांची कळी खुलली. पण मुकाट्यानं मरतील तर ते मामा कसले! मी त्यांना एका फार्महाउसच्या स्विमिंग पुलात बुडवलं होतं. वाचून दाखवल्यावर ते खवळले. "मी पवतो," म्हणाले आणि थांबून श्वास घेतला. "धरनात पवलोय मी. त्या डबक्यात बुडंन व्हय?" बरं, विष घालावं म्हटलं, तर आत्या आडव्या आल्या. "माझ्या भाकरीत इख? उद्या पाव्हनं जेवतील का हितं?" शेवटी खलबत्त्यातल्या बत्त्यावर दोघांचं एकमत झालं. मी या घरात आल्यापासून दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

संपादकबाईंनाही बत्ता पसंत पडला. "बायकोवर कुणाचाच संशय जाणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमची सगळी कादंबरी एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे, विसरू नका. खुनी कोण ते आधीच फुटलं, तर विकत घेऊन वाचेल कोण?"

मी मान डोलावली. पण आत्यांचं समाधान होईना. पहिल्या पानावरच्या प्रेतानं त्यांचं भागत नव्हतं. "मेल्यालं दिसलं," त्या म्हणायच्या, "पर मी मारल्यालं कुटं हाय?" ते शेवटच्या प्रकरणात येणार होतं आणि ते माझ्याच्यानं लिहवत नव्हतं. बत्ता उचलला की हात थांबायचा. डोळ्यांसमोर खरे मामा यायचे, ओट्यावर बसून श्वास जमवणारे. शब्दातच का होईना, त्यांना मारायची मला भीती वाटत होती.

ऑपरेशनच्या दिवशी मामांना आत नेलं, तेव्हाही ते प्रकरण अर्धवटच होतं. नवरा औषधं आणायला खाली गेला. मी बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर लिहायला लागले. आत्या शेजारी पदर मुठीत धरून बसल्या होत्या.

"मेलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"आटप की गं! एवढा येळ लागतुया व्हय?"

समोरच्या बाकावरचं कुटुंब आमच्याकडे बघायला लागलं.

"मेलं का आता?"

"मारतेय, आत्या."

ते कुटुंब सामानासकट उठलं आणि पलीकडे जाऊन बसलं. जरा वेळानं एक सिस्टर आली, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, घरात काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, कादंबरी आहे." तिची खात्री काही पटलेली दिसली नाही, कारण मग ती आमच्या आसपासच घुटमळत राहिली.

शेवटी मी मारलं. आत्यांच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि पदर तोंडाशी नेऊन रडायला लागल्या. मग मलाही रडू आवरेना.

"लई जोरात मारलंस गं," त्या म्हणाल्या.

डॉक्टर बाहेर आले आणि सगळं नीट झालं म्हणाले. आत्यांनी त्यांना हात जोडले. मग माझ्याकडे वळून माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणजे निम्मं श्रेय माझ्या पदरात पडलं.

पुस्तक छापून यायला बरेच महिने गेले. तोवर मामा पुन्हा शेरडांमागे जायला लागले होते. प्रकाशन गावच्या देवळाच्या सभामंडपात. प्रकाशन म्हटलं की शाल, श्रीफळ आणि भाषणं आलीच. प्रमुख पाहुणे कोण, यावर गावात जरासुद्धा वाद झाला नाही. मयताचा मान पहिला. संपादकबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांनी मला पुन्हा एकदा बजावलं, शेवट तेवढा सांभाळा. मी मामांना बजावलं. मामा म्हणाले, "मी काय येडा हाय व्हय?"

त्यांनी रंगीत कागद फाडला, पुस्तक वर धरलं आणि माईक हातात घेतला.

"मंडळी, ह्यात मला मारल्यालं हाय. बुडवत व्हती ही पोर, मी न्हाई म्हनलं. बत्त्यानं मारल्यालं हाय, एका दनक्यात. आता तुमी म्हनाल, कुनी मारलं?"

मी हात हलवले. संपादकबाईंनी डोळे मिटून घेतले.

"ती बघा, तितं बसलीया हिरव्या लुगड्यात!"

सगळा मंडप हसून लोटपोट झाला. आत्यांनी आधी पदरात तोंड लपवलं, मग ताडकन उठून ओरडल्या, "अवो, ते शेवटच्या पानावर हाय! सांगायचं नसतंय!" मामांनी ऐकलंच नाही. आत्या बत्ता कुठे लपवतात, पोलीस कुठे चुकतात, सगळं ते सांगत सुटले.

"घ्या तो माईक त्यांच्याकडून," संपादकबाई माझ्या कानात कळवळून म्हणाल्या.

मी उठून मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ते मधे कुठेच थांबत नव्हते. एका दमात बोलत होते, दुसऱ्याला पाणी प्यायला सवड न देता. मी माईक घेतला नाही.