डॉक्टरांच्या टाकीचं पाणी

आबाजी फिटर एका इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवरून पडला, तेव्हा भिसेगावातल्या सगळ्यांना वाटलं, आता या घराचं कसं व्हायचं. पाय मोडला तो वाकडाच जुळला. शिडी चढणं कायमचं बंद झालं. पण त्याची बायको जयवंता लग्न झाल्यापासून त्याच्याबरोबर कामावर जात होती. पाइप धरायचा, आटे पाडताना तेल सोडायचं, पाना हातात द्यायचा, हे करता करता सगळं काम तिच्या हाताला बसलं होतं. महिनाभर वाट पाहिली आणि एके दिवशी तिनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. आबाजीनं तिला अडवलं नाही. फक्त म्हणाला, मोठा पाना नेऊ नको, कमरेत भरेल.

सुरुवातीला लोक तिला गळके नळ तेवढे सांगत. मोठं काम निघालं की दुसरीकडे जात. ती ते नळच नीट करून देई.

अठ्ठ्याहत्तर साली कर्जतच्या डॉक्टर गुप्त्यांनी आबाजीला निरोप धाडला. त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत सिमेंटची एक लांब टाकी होती, पुढच्या बाजूला जाड काच. तिच्यात रंगीत मासे. सुई टोचून घ्यायला आलेली पोरं त्या काचेला नाक लावून गप्प बसत, म्हणून डॉक्टरांनी ती हौसेनं बांधून घेतली होती. पण पाणी बदलायचं म्हणजे बादल्या भरभरून दाराबाहेर न्याव्या लागत. वाटेत पाणी सांडे. त्या सांडलेल्या पाण्यावरून एक म्हातारी घसरली आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी स्वतःच प्लॅस्टर घातलं, पण ती गोष्ट त्यांच्या मनाला लागली. दवाखान्याच्या खाली तळघर होतं, त्यात दगडी हौद. टाकीचं पाणी आपोआप त्या हौदात उतरावं, तिथं वाळू-कोळशातून गाळून मोटरनं परत वर यावं, अशी त्यांची कल्पना होती.

आबाजीऐवजी जयवंता आलेली पाहून ते जरा घुटमळले. त्यांनी विचारलं, "जयवंताबाई, हे काम तुम्ही पूर्वी केलंय?"

"नाय केलं, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "पर पानी कुटं बी गेलं तरी उताराकडंच जातं. तेवढं मला म्हाईत हाय."

डॉक्टर हसले आणि तिला तळघराची किल्ली दिली. ती लोखंडी पाइप आणणार होती, तेव्हा त्यांनीच सांगितलं की त्याला आतून जस्ताचा मुलामा असतो, तो माशांना बाधतो. मग तिनं प्लॅस्टिकचा पाइप आणला. टाकीच्या तळाला भोक पाडून त्यात एक पाइप उभा केला, काठापेक्षा चार बोटं बुटका. पाणी त्याच्या तोंडाशी आलं की आत पडे आणि जमिनीतून तळघरात उतरे. स्टोव्हवर पाइप ऊन करून तिनं त्याला असे अलगद बाक दिले की पाण्याचा गडगडाट ऐकू येईना. हौदातून वर येणाऱ्या परतीच्या पाइपाचं तोंड तिनं टाकीत खोलवर सोडलं, पाणी उडायला नको म्हणून. मोटर चालू झाली आणि काचेमागचं पाणी जागच्या जागी स्वच्छ होऊ लागलं. रोग्यांनी कौतुक केलं. डॉक्टरांनी चहा पाजला.

आठवडा झाला असेल. भर दुपारी वीज गेली. संध्याकाळी दवाखाना उघडला तर टाकी जवळजवळ रिकामी, तळाशी मासे तडफडत होते आणि तळघरात घोट्यापर्यंत पाणी. औषधांची खोकी भिजली होती. दोन मासे मेले.

जयवंता निरोपाची वाट न बघता पोचली. दोष विजेवर ढकलता आला असता. ती म्हणाली, "चूक माजी हाय. कुटं हाय ती मी शोधते." डॉक्टर रागावले नव्हते, पण मेलेले मासे ते अजून हातात घेऊन उभे होते, आणि तिला त्याचंच जास्त लागलं.

तळघर उपसून ती घरी आली. आबाजी आणि ती दोघं चुलीपुढे बसून विचार करू लागली. पाणी उभ्या पाइपानं गेलं नव्हतं, त्याचं तोंड तर वरच होतं. मग गेलं कुठून? बोलता बोलता तिला रेशनच्या दुकानातलं रॉकेलचं पिंप आणि त्यात सोडलेली नळी आठवली. नळी बुडलेली असेपर्यंत रॉकेल वाहत राहतं. नळीचं टोक वर येऊन आत हवा शिरली की थांबतं.

"अवो, मोटर बंद पडली की परतीचा पायपच पानी उलटं खाली वढतो," ती म्हणाली. "त्याला वर हवा द्याया पायजे."

आबाजीनं मान डोलावली. "भोक पाड गं. पान्याच्या जरा खाली."

दुसऱ्या दिवशी तिनं तापवलेल्या खिळ्यानं परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीखाली बोटभरावर भोक पाडलं. तेवढं पाणी खाली आलं तरी मावावं म्हणून हौदही थोडा रिकामा ठेवला. मग डॉक्टरांना वर टाकीपाशी उभं केलं, मोटर बंद करायला सांगितलं आणि स्वतः तळघराच्या पायरीवर बसली. हौदाचं पाणी चढू लागलं. ती त्याच्याकडे एकटक बघत होती. काठाला बरंच अंतर असताना वरून सुरसुर आवाज आला, पाइपात हवा शिरली आणि पाणी थांबलं. तिनं पुन्हा मोटर लावायला सांगितलं, पुन्हा बंद करायला. डॉक्टर कंटाळले, ती नाही. पार दुपार होईपर्यंत तिचं हेच चाललं होतं.

त्यानंतर वीज कितीदा तरी गेली, पण तळघर कोरडं राहिलं. डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला मासे दाखवत आणि खालचं कामही दाखवत, जयवंताबाईंनी केलंय म्हणून. हळूहळू खोपोलीहून, नेरळहून, रसायनीच्या वसाहतीतून तिला बोलावणी येऊ लागली. ती पिशवी घेऊन एसटीनं जाई. घरी आबाजी भाकऱ्या थापायला शिकला होता. कोणी दारात येऊन त्याला पाइपाचं काम सांगू लागलं, की तो पिठाचे हात पुसत म्हणे, "फिटर कामावर गेलीया. सांजच्याला या."