लाल बटणाची जागा

गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास धुळ्यात माझ्या मोठ्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटे मिलिंग मशीनच्या कटरमध्ये गेली. मी त्या वेळी जळगावात, बातम्यांच्या बैठकीत होतो.

भावाचे वर्कशॉप घराला लागून आहे. डाळ मिलच्या यंत्रांचे सुटे भाग तिथे तयार होतात. धातू कापणाऱ्या जुन्या मिलिंग मशीनला त्याने मोटारी आणि कॉम्प्युटर बसवून घेतले होते. मापे कॉम्प्युटर देतो, कटर त्याप्रमाणे फिरतो. अडचणीच्या वेळी सगळे एकदम बंद करणारे बटण मात्र त्यात नव्हते. ते बसवायचे काम माझ्याकडे आले, कारण बातमीदारीत येण्याआधी मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. भाऊ विजेच्या कामाला हात लावत नाही.

त्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी बटण बसवले. ते दाबले की कॉम्प्युटरला न विचारता मोटारींची वीजच तुटेल, अशी जोडणी केली. जोडणी बरोबर होती. जागा चुकली. वीज तोडणारी पेटी दाराजवळच्या कॉम्प्युटरच्या टेबलामागे होती आणि माझ्याकडची वायर तिथून मशीनच्या पुढच्या कडेपर्यंत पोचत नव्हती. दुकाने बंद होती. मी बटण टेबलाच्या कडेलाच बसवून टाकले.

भाऊ मशीनसमोर आपल्या जागी उभा राहिला. डावा हात लांबवून त्याने पाहिले.

“मना हात पुरस नई तठे.”

चालत्या मशीनमध्ये हात घालायचाच नसतो, असे मी सांगितले.

“तू बठीसन काम करस, मी उभा ऱ्हाईसन. बटन तुनासाठे बसाडं का मनासाठे?”

“मनासाठे,” दारात चहा घेऊन आलेली वहिनी म्हणाली. “जेवाले हाक मारी मारी दमनू. आते मशीनच बंद करसू.”

तिघेही हसलो. पुढच्या वेळी लांब वायर आणतो, असे सांगून मी पाचची बस पकडली.

वायर मी त्याच आठवड्यात घेतली. ती जळगावात, मेहरूण भागातल्या माझ्या घरी कपाटावर राहिली. नंतर दोनदा धुळ्याला गेलो. दोन्ही वेळा न्यायची विसरलो. दसऱ्याला नेली. मशीन बंद होते आणि काम तासाभराचे होते. पण पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, सगळी हत्यारे पाटावर पूजेला मांडलेली होती. लाल बटणावरही वहिनीने कुंकू लावले होते.

“आज त्यास्ले हात नका लावू. सकाय करा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला ड्यूटी होती. मी हट्ट धरला नाही. खरे तर मला बरेच वाटले. जेवलो, आणि वायरचे बंडल टेबलावर, बटणाशेजारी ठेवून परतलो.

मंगळवारी भावाने हातमोजा घातला होता, कारण धातूचा गरम कीस हातावर उडत होता. मोज्याचे टोक कटरमध्ये अडकले. डावा हात मोकळा होता. तो त्याने बटणाकडे लांबवला.

“वीतभर कमी पडनं,” एवढेच त्याने मला दवाखान्यात सांगितले.

ओरडणे ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. बटण तिने दाबले. हात वाचला. तर्जनी आणि मधले बोट वाचली नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी मी तीच वायर जोडली आणि बटण मशीनच्या पुढच्या कडेला, डाव्या बाजूला आणले. पन्नास मिनिटे लागली. पकडीवरचे कुंकू अजून गेले नव्हते.

तीन महिन्यांनी भाऊ कामावर परतला. सही तो डाव्या हाताने करतो. रोज काम सुरू करण्याआधी तो कटर रिकामा फिरवून बटण तपासतो. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा तो मशीनसमोर उभा होता. त्याने मशीन सुरू केले. डाव्या तळव्याने बटण दाबले. कटर थांबला.