आत्याबाईंचं बिनदुधाचं दूध

मोठे भाऊजी टाकव्याहून कामशेतपर्यंत चालत आणि तिथून सकाळच्या गाडीनं वलवणला आमच्याकडे आले, तेव्हा मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. एरवी ते आले की हातातली पिशवी आधी खाली ठेवतात, पाणी मागतात आणि मग बोलतात. त्या दिवशी त्यांचे हात रिकामे होते. दारातच उभे राहून ते म्हणाले, "आई गेली. पहाटं." थोडं थांबून, जणू मी विचारलं होतं म्हणून, पुढं म्हणाले, "लय तरास न्हाई झाला." आत माझी मुलगी मंजुळा मोठ्यानं धडा वाचत होती. तिचा आवाज मधेच थांबला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासूवर सुनेनं लिहायचं म्हटलं की लोक आधीच हसतात. एक तर तोंडदेखले गोडवे गाणं असणार, नाहीतर मनातला राग काढणं. मला दोन्ही करायचं नाही. आत्याबाईंवर मी एके काळी फार रागावले होते आणि त्या रागाला कारणही होतं. पण त्या रागानंतर त्यांनी जे केलं, ते आज महिना उलटून गेला तरी मनातून जात नाही.

मी तळेगावची, मराठी फायनल झालेली. माझे यजमान लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये फिटर, म्हणून आमचं बिऱ्हाड वलवणला. पण सासरचं मूळ घर टाकवे बुद्रुकला. भाताची खाचरं आणि गोठ्यात म्हशी. सासरे लवकर गेले, तेव्हापासून गोठा आत्याबाईंनीच सांभाळला. त्यांच्या हातचा खवा कामशेतच्या बाजारात नावानं मागून नेत. लग्न होऊन घरात आले त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात साय आलेल्या दुधाचा पेला दिला आणि म्हणाल्या, "तळेगावात पानी घातल्यालं पिऊन वाढलीस. आता खरं पी." सगळे हसले. मलाही हसू आलं. त्या घरात दूध म्हणजे नुसतं खाणं नव्हतं. आल्यागेल्याचा मान दुधानं व्हायचा, बाळंतिणीची काळजी दुधानं घेतली जायची, भांडण मिटलं तरी वर दूधच प्यायचं.

अशा घरात माझी मंजुळा जन्मली आणि तिला दूध सोसेना. अंगावर होती तोवर सगळं ठीक होतं. वरचं दूध सुरू केलं आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या, पोट बिघडलं, ओठ सुजले. म्हशीचं सोडून गाईचं दिलं, शेळीचं दिलं, पाणी घालून दिलं. सगळ्याची तीच गत. लोणावळ्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नीट पाहिलं आणि सांगितलं, "एखाद्याला मासळी सोसत नाही ना, तसं हिला दूध सोसत नाही. दही, ताक, खवा, काहीच देऊ नका. भात-वरणावर छान वाढेल पोरगी." मी ते मनावर घेतलं. आत्याबाईंना मात्र ते पटायला तयार नव्हतं. त्या वाईट मनानं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. "आपल्या घरातल्या लेकराला दूध सोसंना? शेतकऱ्याच्या पोराला माती सोसंना म्हनल्यासारकं झालं की. थोडं थोडं दिलं की सवय हुईल." मी प्रत्येक वेळी नाही म्हणायचे आणि त्या पेला परत नेऊन ठेवायच्या.

मंजुळा तीनेक वर्षांची असेल. आम्ही दोघी टाकव्याला गेलो होतो आणि गोठ्यातली एक म्हैस नुकतीच व्याली होती. मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले. परत आले तर मंजुळा ओट्यावर आजीच्या मांडीत बसलेली, समोर पळसाच्या पानावर खरवसाची वडी, तिचा एक कोपरा खाल्लेला. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर अगदी आनंद होता. "बघ, कशी मिटक्या मारीत खाल्ली." मी काही बोलायच्या आतच पोरीचे ओठ फुगायला लागले. मग डोळे. मग श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला... गाडी जुंपायलाही वेळ नव्हता. आत्याबाईंनी तिला खांद्यावर टाकली आणि अनवाणीच कामशेतच्या दवाखान्याच्या वाटेनं धावत सुटल्या. मी मागं. चाळिशी कधीच ओलांडलेली ती बाई बांधावरून, खाचरातून, काट्यातून पळत होती आणि मला काही केल्या त्यांना गाठता येत नव्हतं. अर्ध्या वाटेत मंजुळाला मोठी उलटी झाली. थोड्या वेळानं श्वास मोकळा होत गेला. आत्याबाई तिथंच बांधावर बसल्या. त्यांच्या पाठीवर, पदरावर उलटी होती, पायातून रक्त येत होतं. मी पोरगी त्यांच्याकडून ओढून घेतली. त्यांनी दिली. मी म्हटलं, "आता हिला मी इथं आणायची नाही." त्या मान खाली घालून म्हणाल्या, "नगं आनूस."

आणि खरंच मी नेली नाही. सण आले, गेले. यजमान एकटे जाऊन यायचे. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण परत आले की दोन दिवस अर्ध्या ताटावरून उठायचे. मलाही घर उदास वाटायचं. तरी पोरीचा तो शिट्टीसारखा श्वास आठवला की मन पुन्हा घट्ट व्हायचं.

मग एके दिवशी आत्याबाईच आल्या. लढाईचे दिवस होते, साखर कार्डावर मिळत होती. येताना एरवी त्या लोणी, खवा काहीतरी आणायच्या. या वेळी पिशवीत नाचणी आणि वाल. मंजुळा त्यांना विसरली नव्हती, धावत जाऊन चिकटली. आत्याबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दुपारी शेजारच्या सावंतकाकूंच्या अंगणात मुलं जमली होती. काकूंच्या भावानं मुंबईहून गोड दुधाचा डबा आणला होता, दूध घट्ट, मधासारखी धार धरणारं. लढाईत असली वस्तू म्हणजे अपूर्वाईच. काकू एकेका मुलाच्या पोळीवर चमचाभर ओतत होत्या. मंजुळा जरा लांब उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून. दूध दिसलं की हात मागे घ्यायचे, हे तिनं आपलं आपणच ठरवलेलं. कुणी शिकवलं नव्हतं. आत्याबाई पडवीतून ते पाहत होत्या. मंजुळा परत आली आणि तिनं विचारलं, "आजी, ते फार गोड असतं का?" आत्याबाई उठून आत आल्या आणि मला म्हणाल्या, "त्या डब्यात काय असतंय?"

"दूध आटवतात आणि साखर घालतात," मी सांगितलं.

"आटवायचं तर मला येतंय," त्या म्हणाल्या. मग चुलीतला जाळ जरा मागं ओढला. "दूध तेवढं दुसरं पायजे."

दुसरं दूध सावंतकाकूंकडेच सापडलं. काकू रत्नागिरीकडच्या, शेवयांबरोबर नारळाचा रस करायच्या. आम्हा मावळातल्या माणसांना नारळ म्हणजे देवापुढं फोडायचा आणि चटणीला खवायचा. त्याचं दूध काढतात हे आत्याबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्याच दिवशी लोणावळ्याच्या बाजारातून नारळ आले. खोबरं खवून, वाटून, कोमट पाण्यात कुस्करून, फडक्यातून पिळून काढलं. पांढरंशुभ्र दूध बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते खव्यासारखं रसरशीत जाळावर ठेवलं. घटकेत वर तेल तरंगलं आणि खाली चोथा बसला. "लय तापट हाय हे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला गूळ घातला. ते काळपट झालं आणि बुडाला लागलं. मंजुळानं चाखून तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, "आत्याबाई, राहू दे. तिला नाचणीचे लाडू आवडतात."

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लाडू तू दे. हे मला करू दे."

मी नवा नारळ फोडून त्यांच्यापुढं ठेवला. त्या दिवसापासून माझ्या मनातली गाठ सुटायला लागली असावी.

मग त्या चार-सहा दिवस राहिल्याच. खव्याचा हात विसरून त्यांना नवा हात शिकावा लागला. पहिल्या पिळणीचं दाट दूध त्यांनी बाजूला ठेवलं. दुसऱ्या पिळणीचं पातळ दूध साखर घालून निखाऱ्यावर मंद आटवलं, त्यात तांदळाची थोडी पिठी पाण्यात कालवून घातली, आणि ते घट्ट होत आल्यावर मगच दाट दूध ओतलं. उकळी म्हणून येऊ द्यायची नाही. बुडबुडा दिसला की निखारा मागं ओढायचा. शेवटी मिठाचा कण. पळीच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली आणि ती मिटली नाही, तेव्हा त्यांनी मंजुळाला हाक मारली. मंजुळा आली ती सवयीनं हात पाठीमागे घेऊनच. आत्याबाई म्हणाल्या, "हात फुडं कर. ह्ये तुजंच हाय." तिनं बोट बुडवलं, चाटलं आणि पुन्हा बुडवलं. मी तिच्या ओठांकडे बघत होते. आत्याबाईही बघत होत्या. काही झालं नाही. पोरगी आपली चाटतच राहिली... पुढच्याच संक्रांतीला मी मंजुळाला घेऊन टाकव्याला गेले.

त्यानंतर टाकव्याच्या घरात सणाला दोन चुली पेटू लागल्या, एक म्हशीच्या दुधाची आणि एक नारळाच्या. कार्डावरची साखर थोरल्या जाऊबाईंच्या नजरेला पडेना. "म्हशी बांधल्यात दारात आन साकर जातीया नारळात," असं त्या उघड म्हणायच्या. आत्याबाई ऐकून घ्यायच्या. मंजुळा आली की मात्र तिच्या पोळीवर, शेवयांवर, भातावरसुद्धा ती घट्ट गोड धार पडायची, आणि इतर मुलं "आमाला बी तेच" म्हणून ताटं पुढं करायची. मी पाहायचे, आत्याबाई स्वतः कोरा चहा पितात. विचारलं तर म्हणायच्या, "गुळाच्या चहात दूध फाटतंय." मला ते पटलेलं होतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांना खोकला धरला आणि तो सुटेना. अंग वाळत गेलं. डॉक्टरांनी दूध घ्यायला सांगितलं. मी आणि मंजुळा भेटायला गेलो तेव्हा जाऊबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "दूध तोंडाला लावीत न्हाईत, विमल. आजचं न्हाई हे. त्या खरवसाच्या दिसापासनं घेतल्यालं न्हाई. देवापुढं सोडलंया. मला म्हनल्या, धाकटीला सांगू नगंस, ती मनाला लावून घील." मला त्यांचा कोरा चहा आठवला. इतकी वर्षं दारात म्हशी, रोजचं धारा काढणं, खवा करणं, आणि त्यातला थेंब नाही... मागं मंजुळा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं फळीवरून पेला घेतला, जाऊबाईंकडून त्यात कोमट दूध ओतून घेतलं, आपल्या परकराचा घोळ पेल्याभोवती गुंडाळला आणि हात दुधाला लागू न देता तो आत घेऊन गेली. मी घाबरून मागं गेले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पेला पाहून त्यांनी मान हलवली.

"आजी, मला आता त्याचं काही वाटत नाही," मंजुळा म्हणाली. "माझं मला मिळालं. तुझं तू पी."

आत्याबाईंनी पेला घेतला आणि सावकाश, थांबत थांबत, सगळा संपवला. मंजुळानं विचारलं, "कसं लागतं?" तिला खरंच माहीत नव्हतं. आत्याबाईंनी ओठ पुसले, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "आपल्यापरीस पातळच हाय." मग लगेच, "जा, हात धू जा आधी." त्यानंतर शेवटपर्यंत त्या रोज दूध घेत. जाऊबाई सांगतात, पेला हातात घेतला की आधी विचारायच्या, मंजू आलीया का, म्हणजे लांब बसून प्यायला.

दिवसकार्याला आम्ही गेलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. चहाचं दूध तापवायला भांडी पुरेनात. चुलीवरच्या फळीवर कल्हई केलेलं एक पातेलं पालथं घातलेलं होतं. कुणा पाहुणीनं ते काढून त्यात दूध ओतायला घेतलं. थोरल्या जाऊबाई वाढप सोडून आत आल्या, त्यांनी तिच्या हातून ते पातेलं घेतलं, पदरानं आतून पुसलं आणि परत फळीवर पालथं घातलं.

"त्यात न्हाई," त्या म्हणाल्या. "ते मंजूचं हाय." आणि मग माझ्याकडे वळून, हळूच, "जाताना थांब जरा. नारळ आनून ठेवल्यात. पोरीला काई करून देते. आत्याबाईगत जमंल का, ते मातूर बघाया पायजे."