वन्स मोअर न आलेलं पद

परवा नातवाच्या लग्नात कुणीतरी गॅसबत्ती पेटवली आणि त्या वासासरशी मी महाराजांच्या काळातल्या कोल्हापूरच्या नाटकगृहात जाऊन पोचलो. मी तेव्हा नाटक कंपनीत पायपेटी वाजवायचो आणि माझा मित्र दिनकर नायिकेची भूमिका करून तिची पदं गायचा.

एके वर्षी त्याचं एक पद गावभर झालं. तालमीतले पैलवान अंगाला तेल चोळताना तेच म्हणत, रंकाळ्यावर धुणं धुणाऱ्या बायकाही तेच. मग कंपनी वऱ्हाडात दौऱ्यावर गेली. परतलो तेव्हा स्टेशनावरचा टांगेवाला दुसऱ्याच कंपनीचं पद गुणगुणत होता.

"आणि मागल्या वर्षीचं ते नायिकेचं पद?" दिनकरनं विचारलं. टांगेवाल्यानं त्याला ओळखलं नव्हतं.

"ते व्हय? जुनं झालं की ते, पावणं! आता कोण म्हणतंय?"

दिनकर टांग्यात चढून बसला.

शनिवारच्या प्रयोगात तेच पद तो गायला, तसा पूर्वी कधीच गायला नव्हता. पद संपलं आणि वन्स मोअर येणारच म्हणून मी सवयीनं पहिल्या सुरावर बोट ठेवून थांबलो. पिटातल्या प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं, एवढंच. दिनकर माझ्याकडे बघत उभा होता.

तेव्हा त्या लोकांचा राग यायला हवा होता, पण आलाच नाही. आज ते पद मलासुद्धा आठवत नाही.

त्या रात्री मी पट्टीवरचं बोट उचललं. दिनकर वळला आणि पुढचं वाक्य बोलू लागला.